डावीकडे खोचलेली घडी

परवा रविवारी कोल्हापुराहून पेठ वडगावला गेले होते, आत्याचं कपाट आवरायला. आत्या म्हणजे माझ्या अप्पांची धाकटी बहीण. साठी ओलांडलीय. तरुणपणी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, एवढंच आम्हाला माहीत होतं...

साड्यांखाली एक जुना कागद मिळाला. वाचायला नको होता, पण वाचला. 'मुलीला फिट येते, घरचे लपवतात.' खाली सही नाही, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं.

आत्याला आजवर एकदाही फिट आलेली नाही.

कागद होता तसा मिटायला गेले आणि जुन्या घड्यांवरून बोटं आपोआप चालली... शेवटचं टोक डावीकडे खोचलं गेलं, दोऱ्याशिवाय घट्ट बसलं. आमच्या मसाल्याच्या दुकानातली पुडी! बाकी सगळे उजवीकडे खोचतात. अप्पा डावखुरे होते. मी शाळेत जायच्या आधी त्यांनी मला ही घडी शिकवली, म्हणून मी डावखुरी नसूनही तशीच घालते.

अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता. आत्याला सांगावं की नाही, यात पाऊण तास गेला. गप्प बसले तर मीही त्यात सामील... आणि सांगितलं तर तिचा भाऊ तिच्याकडून काढून घेतल्यासारखं.

कादंबरीत अशा वेळी काहीतरी फुटतं. इथे आत्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"घावला व्हय तुला?" ती म्हणाली. "नकार कळवताना पोराकडच्यांनी परत धाडलेला. घडी बघितली आन् कळलं. अक्षर बदललं दादानं, घडी बदलायची इसरला."

"मग अप्पांना विचारलं का नाहीस?"

"इचारलं असतं तर व्हय म्हणाला असता की! मग भाऊबीजंला ओवाळायचं कुणाला?"

त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती, आणि तिचं करणारी घरात आत्या एकटीच. कारण तेवढंच असावं. आत्याने ते सांगितलं आणि शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं.

हे लिहू का, असंही विचारलं. "लिही की. नाव तेवढं घालू नगंस."

दुकानात आता मीच बसते. काल हळदीची पुडी बांधताना टोक मुद्दाम उजवीकडे खोचून बघितलं... सुटलं, काउंटरभर हळद झाली.

गिऱ्हाईक थांबलं होतं. पुन्हा डावीकडे खोचलं. घट्ट बसलं.