‘मॅटर ऑफ टाइम’चा अर्थ

मोसंबी सोलताना सालीचा वास आला, की मला औरंगाबादच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. आई खाटेवर होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, बिडकीनहून आले होते. त्यांचं शिक्षण पोलीस ॲक्शनच्या आधीचं, उर्दूतलं. घरात इंग्रजी मला एकटीलाच येई, तेही कॉलेजच्या पहिल्या वर्षापुरतं.

आईला तपासून डॉक्टर सोबतच्या डॉक्टरांना म्हणाले, “नाऊ इट इज ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम.”

“काय म्हणाले गं?” आईनं विचारलं.

मी शब्दाला शब्द लावला. “आता फक्त थोडा वेळ लागंल म्हणाले.”

“मंग पेरणीला घरी असंन मी,” आई म्हणाली. दादा खाली जाऊन मोसंबी घेऊन आले. तिनं दोन फोडी खाल्ल्या आणि “लई गोड हाय” म्हणाली.

आठवड्यात ती गेली. पुढं वर्गात सरांनी तो वाक्प्रचार शिकवला. जे घडणारच आहे, फक्त कधी ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो वापरतात. मी घरी काहीच बोलले नाही.

कित्येक वर्षांनी दादाच एकदा म्हणाले, “डॉक्टरच्या तोंडावरनं मला तवाच समजलं व्हतं. तिनं तुझा अर्थ ऐकला, बरं झालं.”