कला शाखेतलं गणित

दहावीनंतर मी औशाहून लातूरला मावशीकडे राहायला आले, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मला अर्थशास्त्रात पदवी घ्यायची होती. मुलींच्या कॉलेजात तो विषय शिकवणाऱ्या सरांनी प्रवेशाच्या दिवशीच बजावलं, "पुढं खरंच जायचं असेल तर अकरावी-बारावीला गणित ठेव. त्यावाचून नंतर अडतं."

कला शाखेत गणित कोणी घेतच नसे. प्राचार्य म्हणाले, "आणखी मुली आण, मग वर्ग सुरू करू." मी एकेकीच्या मागे लागले. रेणापूरहून एसटीनं येणारी एक मुलगी तयार झाली, तिच्यामुळे आसपासच्या गावच्या काही जणी आल्या आणि वर्ग खरंच भरू लागला. शिकवायला तात्पुरते नेमलेले एक तरुण सर होते. ते फळ्यावर आलेख काढू लागले की मला वाटायचं, आता काही अडत नाही.

त्या साली पाऊस पडलाच नाही. दिवाळीनंतर रेणापूरची मैत्रीण यायची बंद झाली. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "माय-बाप रोजगार हमीच्या कामावर. टँकर कवा येईल न्हाई सांगता येत. घागरी घेऊन मीच बसून राहिले बघ." बाकीच्याही गावी परतल्या. मी एकटी उरले, तरी सर शिकवत होते. मग त्यांनाच नव्या जिल्हा कचेरीत नोकरी लागली.

"सर, परीक्षेपर्यंत तरी थांबा."

"कसा थांबू? अशी नोकरी पुन्हा मिळायची न्हाई," ते खाली बघत म्हणाले. मला त्यांच्यावर रागावताही येईना.

प्राचार्यांनी गणिताऐवजी तर्कशास्त्र घ्यायला लावलं. वडील भेटायला आले. "अर्थशास्त्र हाय न्हवं? मग रडतीस कशाला, माय?"

नांदेडला बी.ए. पाठांतरावर निभावलं. एम.ए.ला मात्र बाईंनी पहिल्याच आठवड्यात समीकरणांनी फळा भरला. सगळे भराभर उतरवून घेत होते. मला पहिली ओळही कळेना. बारावीचं जुनं पुस्तक आणून स्वतःच शिकायला बसले, पण तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असे. संक्रांतीला औशाला गेले ती परतलेच नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं.