चष्मेवाल्यांची कृती

“पाहिलंत की ऐकलंत?”

असं विचारून ते अंगठ्याने काळा चष्मा नाकावर वर सरकवायचे आणि उत्तराची वाट पाहत उभे राहायचे. सांगणाऱ्याने ती गोष्ट बहुधा ऐकलेलीच असायची. मग तो चपापायचा, इकडेतिकडे बघायचा आणि “जाऊ द्या हो” म्हणून निघून जायचा. आमच्या आळीत पाहिलेलं थोडं आणि ऐकलेलं फार, त्यामुळे हा प्रश्न कोणाला आवडत नसे.

तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबद्दल सगळे सगळं सांगतात आणि कोणाला काहीच माहीत नसतं. आमचे ते चष्मेवाले. त्यांना नाव होतं, पण ते कोणी वापरलं नाही. मीही इथे वापरत नाही.

मिठाच्या चळवळीची धामधूम ओसरत होती, तेव्हा ते आमच्या आवारात राहायला आले. आवार तात्यांचं. घरं तीन, विहीर एक. पहिल्या घरात तात्या आणि बायोकाकू, मधल्यात आम्ही, म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई, आणि मांडवी बंदराकडच्या टोकाला दोन खोल्यांत चष्मेवाले. वय पन्नाशीचं, माणूस एकटा. मूळचे हर्ण्याकडचे, आगबोटींवर भटारखान्यात उभा जन्म गेलेला. एवढं त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं. पण जो माणूस विचारण्याआधीच सांगतो, त्याच्याबद्दल संशय जास्त येतो.

मला याद्या करायची सवय आहे. उन्हाळ्याच्या वाळवणांची यादी, पावसाळ्याच्या बेगमीची यादी, सासूबाईंच्या उपासांची यादी. काम झालं की त्याच्यापुढे फुली मारायची, म्हणजे मन मोकळं होतं. चष्मेवाल्यांचीही एक यादी मी केली. पहिलं कलम, सावलीतसुद्धा काळा चष्मा का? दुसरं, चष्मे चार का? तिसरं, संध्याकाळी त्यांच्या पडवीतून तुपासारखा गोड वास येतो, तो कसला?

“अगो, पोलिसांचा माणूस असणार,” बायोकाकू म्हणाल्या. “आपण कुठे बघतो ते लोकांना कळू नये, म्हणून तर तो चष्मा.”

चार चष्म्यांचा मी महिनाभर माग काढला. एक गोल, पोलादी काड्यांचा, निळसर भिंगांचा. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी चामड्याचे पडदे, टांग्याच्या घोड्याला ढापणं असतात तसे. तिसऱ्याला काड्याच नाहीत, नुसता नाकाला चिमटा. तो म्हणे कोणी गोरा उतारू बोटीवर विसरून गेला होता. आणि चौथा कासवाच्या पाठीच्या रंगाचा, रुंद, सिनेमातल्या बाया घालतात तसा. कोणत्या तारखेला कोणता, ते मी वहीत टिपत गेले. बंदरावर कोणाला खूण तर करत नसतील? महिन्याअखेरीस वही ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी पान वरून खाली वाचलं.

“ऊन कडक असलं की गडद आणि आभाळ आलं की फिकट,” हे म्हणाले. “तू हवामानाची नोंद केली आहेस.”

मी त्या कलमावर फुली मारली. पण नाइलाजाने मारली.

चष्मेवाल्यांना बारीकसारीक माहितीचा भारी नाद. विहिरीवर पाणी भरायला आले की काही ना काही सांगणारच. चीन देशात म्हणे न्यायाधीश धुरकट भिंगांचा चष्मा लावून बसत, साक्ष ऐकताना मनात काय चाललंय ते कोणाला डोळ्यांत दिसू नये म्हणून. उत्तरेकडे बर्फात राहणारे लोक हाडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत, तोच पहिला चष्मा. “हे मात्र मी ऐकलेलं,” असं ते प्रामाणिकपणे पुढे जोडायचे. “पाहिलेलं नाही.”

एकदा सासूबाईंनी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “फिरंग्यांच्या पावावर वाढलेली माणसं. त्यांचा काय भरवसा?”

चष्मेवाल्यांनी पोहरा काठावर ठेवला. “आजी, पाव हा शब्द फिरंगी, खरं आहे. पण ही तुमच्या हातातली बादली, तीही फिरंगी. कनवटीची चावी फिरंगी, उपासाचा बटाटा फिरंगी. आणि हापूस म्हणता ना, ते तर एका फिरंगी सरदाराचं नाव. आपण देवापुढे ठेवतो ते!”

सासूबाईंनी बादली खाली ठेवली, मग उचलली. दुसरी कुठे होती? “मेला बोलतो मात्र गोड,” असं त्या घरात येऊन म्हणाल्या. त्या दिवसापासून संशय दुप्पट झाला.

गोड वासाचा उलगडा संक्रांतीनंतर झाला. चष्मेवाले नानकटाई भाजत. बायोकाकूंना त्यांनी बशीभर पाठवली आणि काकूंनी ती गाईला घातली, कारण नानकटाईत अंडं असणार. “पाहिलंत की ऐकलंत?” असं आता मीच स्वतःला विचारू लागले होते. एका दुपारी बायोकाकूंना बरोबर घेऊन मी त्यांच्या पडवीत गेले.

“मी पाहायला आले आहे,” मी म्हटलं. “ऐकायला नाही.”

ते खूप हसले. “वहिनी, या आवारात आजवर असं कोणी आलं नाही. बसा.”

मी वहीत कृती उतरवली, ती अशी. एक वाटी घट्ट तूप परातीत हाताच्या तळव्याने पांढरं होईपर्यंत फेसायचं. त्यात वाटीभर पिठीसाखर घालून पुन्हा फेसायचं. दोन वाट्या मैदा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एकत्र चाळून त्यात हळूहळू मिसळायचा. वेलची, जायफळ. पाणी नाही, दूध नाही, अंडं नाही. हलक्या हाताने मळून लिंबाएवढे गोळे करायचे, वरून अंगठ्याने किंचित दाबून एकेक चारोळी बसवायची. जाड पातेल्यात तळाला वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत गोळे, वर लोखंडी झाकण. निखारे खाली आणि झाकणावरही.

शेवटी त्यांनी चष्मा काढला. “निखाऱ्याचा रंग काळ्या भिंगातून कळत नाही,” म्हणाले आणि शेगडीपुढे वाकले. त्यांचे डोळे तेव्हा मी पहिल्यांदा पाहिले. पापण्यांना केस नव्हते. कडा लाल, सोललेल्या. पाणी सारखं गळत होतं. बोटीवरच्या भट्टीचं दार एकदा तोंडावर उघडलं होतं, एवढंच ते बोलले. धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे टिपले आणि चष्मा परत चढवला.

मी पहिल्या कलमावर फुली मारली. या वेळी नाइलाज नव्हता.

बायोकाकूंनी मात्र घरी जाऊन सांगितलं, “अंडं आधीच कालवून ठेवलं असेल, आम्हाला काय दाखवतोय!”

सासूबाई फाल्गुनात दोन दिवस गणपतीपुळ्याला गेल्या, तेव्हा मी गुपचूप घाट घातला. चष्मेवाल्यांचं काहीही आमच्या घरात यायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. पण बंदी वस्तूला होती, कृती तर वहीत आलीच होती. चारोळी घरात नव्हती. गोळे मांडून झाले आणि हाताला सवयच अशी की प्रत्येकावर सुरीने एकेक फुली मारली. काम झालं, फुली मारली. पहिला घाणा छान दिसला, पण झाकणावर निखारे जास्त झाले आणि दुसरा वरून करपला, जांभ्याच्या चिऱ्यासारखा टणक. चांगल्या होत्या त्यांतल्या ह्यांनी पाच खाल्ल्या. करपलेल्या मी मागच्या दारी केळींच्या बुडाशी कावळ्यांना टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायोकाकूंची किंकाळी आली.

विहिरीच्या काठावर, अगदी आतल्या कडेला, एक नानकटाई पडली होती. एक तुकडा तुटलेला. वर फुली.

“क्रूस!” बायोकाकू म्हणाल्या. “अगो बाय, क्रूस आहे तो!”

फिरंग्यांच्या अमलात पाद्री रातोरात विहिरीत पाव टाकत, सकाळी गाव ते पाणी पिई आणि अख्खं गाव बाटे, ही गोष्ट कोकणात ज्याने ऐकली नाही असा माणूस नाही. आम्हीही ती लहानपणी ऐकलेली. आता ती आमच्या काठावर येऊन पडली होती.

“नानकटाई काठावर आहे,” तात्या म्हणाले. “पाण्यात नाही.”

“मग तो तुकडा कुठे गेला?” बायोकाकूंनी विचारलं.

सगळे वाकून पाण्यात पाहू लागले. तुकडा काही दिसला नाही, आणि तोच मोठा पुरावा ठरला.

मला पहिल्या क्षणीच कळलं. चष्मेवाल्यांच्या नानकटाईवर चारोळी असते, फुली नसते. फुली माझी. माझी करपलेली नानकटाई कावळ्याने उचलून आणली होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सासूबाई त्याच सकाळी पुळ्याहून परतल्या होत्या, प्रसादाची पुडी अजून हातात होती. त्या म्हणाल्या, “ज्याने हे केलं, त्याच्या हातचं पाणी मी मरतानाही घेणार नाही.” आणि आमच्या घरात त्यांना पाणी देणारी मीच होते.

मी गप्प राहिले.

तात्यांच्या ओटीवर सगळे जमले. तात्या वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या पाठीमागे बायोकाकू उभ्या होत्या. चष्मेवाले समोर, अंगणात. चष्मा गडदच होता, पडद्यांचा. तात्यांनी नानकटाई केळीच्या पानावर त्यांच्यापुढे सरकवली.

“हे काय आहे?”

“नानकटाई.”

“हे तुमचंच ना? आवारात दुसरं कोणी हे करत नाही.”

“पाहिलंत की ऐकलंत?” त्यांनी विचारलं, पण नेहमीचा ठसका त्यात नव्हता. त्यांनी ती उचलली. उलटी करून बूड पाहिलं, सुलटी केली. करपलेल्या भागावरून, मग फुलीवरून अंगठा फिरवला, एकदा आडवा, एकदा उभा. कृती उतरवताना माझी वही त्यांनी पाहिलेली होती. तिच्यातल्या फुल्याही.

मी दाराआड उभी होते. त्यांनी मान जराशी फिरवली. माझ्याकडे पाहिलं, की माझ्यामागच्या भिंतीकडे? त्या भिंगांतून काही कळायची सोय नव्हती. मला चीनचे न्यायाधीश आठवले. हे कोपऱ्यात बसून जानव्याशी चाळा करत होते. पाच खाल्लेल्या, तरी हेही गप्प.

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, तोंड उघडलंही होतं.

“ही कृती माझीच आहे,” चष्मेवाले म्हणाले.

ओटीवर एकच गलका झाला. “कबूल केलंन! स्वतःच्या तोंडाने कबूल केलंन!” ज्याने त्याने आपापल्या परीने तो शब्द ऐकला. सगळ्यांनी ऐकलं, हे दुष्कृत्य माझं. वहीत कृती उतरवून घेतलेली बाई तिथे एकटी मीच होते. माणूस खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त पाककृती आपली म्हटली होती.

तात्यांनी खोल्या सोडायला सांगितलं. विहिरीत गोमूत्र आणि गंगाजल पडलं. मी वहीत लिहिलं, “तात्यांना सांगणे.” उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ते आगबोट गाठायला निघाले. सामान म्हणजे एक ट्रंक आणि चार चष्म्यांचा पत्र्याचा डबा. आम्ही सगळे आपापल्या ओटीवर होतो, काम काही नसताना. आमच्या बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, ते थांबले. मला वाटलं, आता बोलतात. सासूबाई माझ्या शेजारीच तांदूळ निवडत होत्या.

“वहिनी,” ते म्हणाले, “वरचे निखारे कमी ठेवत जा. वरून करपते.”

आणि अंगठ्याने चष्मा वर सरकवून चालू लागले.

“काय म्हणाला गो तो?” सासूबाईंनी विचारलं.

“शेगडीचं काहीतरी,” मी म्हटलं.

“जाता जातासुद्धा शहाणपणा!” त्या म्हणाल्या आणि खडा अंगणात भिरकावला.

ते पुढे कुठे गेले, ते कोणी पाहिलं नाही. ऐकलेलं पुष्कळ आहे. कोणी म्हणे मुंबईत भट्टी काढली, कोणी म्हणे डोळे पार गेले. मी कशावरही विश्वास ठेवत नाही. त्यांच्या खोल्यांत पुढे जे बिऱ्हाड आलं, त्याच्यावर बायोकाकूंनी महिन्याभरात नवा संशय घेतला.

आता तात्या नाहीत. सासूबाईही दोन वर्षांमागे गेल्या. शेवटचं पाणी त्यांना मीच पाजलं. नानकटाई आमच्याकडे आता उघडपणे होते. वरचे निखारे कमी ठेवते, चारोळी आठवणीने आणून ठेवते, एकीवर एक. सुरी जवळ घेत नाही.

ती जुनी वही परवा सापडली. त्या पानावरच्या सगळ्या कलमांना फुल्या आहेत. “तात्यांना सांगणे” याच्यापुढची जागा तेवढी कोरी आहे.