तांबूचं दावं

आम्ही टोकावडे सोडलं त्या सकाळी टेम्पो दारात उभा होता, भांड्यांची पोती वर चढली होती, आणि तुमचे आजोबा गोठ्यात होते. तोंडावर पंचा बांधलेला, श्वासाची शिट्टी मला अंगणात ऐकू येत होती. वैशाखरे गावचा काळूराम आमची तांबू गाय न्यायला आला होता. येताना त्याने स्वतःचं नवं कोरं दावं आणलं होतं.

“दादा, तुमी लांब ऱ्हावा. मी सोडतो,” काळूराम म्हणाला.

“तुझ्या हातानं सुटायची नाय ती. तू फक्त धर.”

आजोबांनी जुनं दावं तिच्या गळ्यातून काढलं, काळूरामने नवं घातलं. गाय त्याच्याबरोबर रस्त्याला लागली आणि जुनं दावं आजोबांच्या खांद्यावर राहिलं.

ईशा, नील, तुम्ही हे कधी पाहिलेलं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे गाय विकली तरी तिचं दावं देत नाहीत. घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. माझ्या सासूबाई म्हणत, “गाय जाते, दावं ऱ्हातं. दावं दिलं की गोठा उठला.” म्हणजे त्या घरात पुन्हा गाय यायची नाही, ते घर संपलं. मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, टोकावड्याच्या हायस्कुलात इंग्रजीच शिकवणारी, पण या म्हणण्यावर मी कधी वाद घातला नाही. टेम्पोत बसताना दावं मीच नीट गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलं. माझे वडील सांगत, वस्तू जागच्या जागी असली की माणूसही जागेवर राहतं. दाव्याला जागा हवी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी घर दोनदा सोडलं. एकदा लग्न होऊन कल्याणहून टोकावड्याला आले तेव्हा, आणि एकदा हे. पहिल्या वेळी रडले. दुसऱ्या वेळी यादी केली: काय न्यायचं, काय वाटायचं, काय कुलूप लावून ठेवायचं. शेत आजोबांच्या चुलतभावाकडे कसायला दिलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जनावराचे केस, पेंढा आणि भाताची धूळ यांपासून लांब गेलात तरच हा दमा आटोक्यात येईल. तुमचे बाबा तेव्हा कॅनडाच्या तयारीत होते. त्यांनीच आसनगावला स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघितला. शहापूरचा दवाखाना जवळ, पाणी नळाला, शेजार चांगला. कशालाही नाव ठेवण्यासारखं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर देव्हारा बसवला. त्याच्या खाली खिळा मारून दावं टांगलं. त्याखाली आजोबांची कॉट.

त्या घरात आजोबा गप्प झाले. टोकावड्याला पहाटे उठल्यापासून त्यांचं बोलणं सुरू असे, गायीशी, बांधाशी, येणाऱ्याजाणाऱ्याशी. इथे ते पहाटे उठत आणि कॉटवर बसून राहत. मी चहा देई, ते पीत. मला वाटलं, शांत झाले. बरं झालं, शांत माणसाला धाप कमी लागते.

मग एकदा म्हणाले, “ऐकतेस का गो मास्तरीणबाई? ह्या घरात आपल्या दोघांशिवाय कुणीच हलत नाय.”

तेव्हा मी ठरवलं, घरात एखादं शांत जनावर आणायचं. ज्याने शिंक येणार नाही असं. वही काढली, रकाने पाडले: केस किंवा पिसं, वास, आवाज, शांतपणा. प्रत्येकाला पाचपैकी गुण. चाळीस वर्षं पेपर तपासले होते, मला दुसरी पद्धत येत नव्हती. मांजर पहिल्याच रकान्यात नापास. पोपटाला पिसं आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्याला मान्य नाही, म्हणून तो परीक्षेलाच बसला नाही. कासवाचंही तेच. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या ओळखीत एक पांढरा ससा होता. आवाज नाही, धावपळ नाही, कोपऱ्यात बसून असतो. शांतपणाला मी त्याला पाचपैकी पाच दिले आणि दोन दिवस ठेवून बघायला आणला.

आजोबांनी पंचा तोंडावर धरून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, “हा शांत नाय गो. हा घाबरलाय. दोन्ही लांबून सारखंच दिसतं.”

दुसरी रात्र त्यांना बसून काढावी लागली. ससा परत गेला. पण ते वाक्य माझ्याकडे राहिलं. कॉटवर बसलेल्या त्यांच्याकडे मी त्या दिवसापासून वेगळं बघायला लागले.

शेवटी मासा आला. काचेची साधी टाकी, तळाला खडे, एक तांबूस सोनेरी मासा. केस नाहीत, पिसं नाहीत, आवाज नाही. वीसपैकी वीस.

“मासा खायचा असतो गो, पाळायचा कसा?” आजोबा म्हणाले. “हाक मारली तर वळत नाय. पाठीवर हात फिरवता येत नाय. शेण देत नाय. ह्याला जनावर म्हणायचं?”

“शेण मी आवरायचे. मला तरी बरं,” मी म्हटलं.

तरी नाव त्यांनीच ठेवलं. तांबू. आणि दाणे टाकायची वेळही ठरवली, पहाटे साडेपाच. धारेची वेळ. दाणे टाकण्याआधी काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारायचे, जशी ते गायीच्या कासेला हात लावण्याआधी तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारत. चारेक महिन्यांनी एका पहाटे मला हाक आली, “बघ, बघ! आली वर!” टिचकी ऐकून मासा टाकीच्या तोंडाशी आला होता. त्या दिवशी ते चहाबरोबर पुष्कळ बोलले.

पण दमा हटेना. चादरी मी उकळत्या पाण्यात धूत होते. पडदे काढून टाकले, गाद्या उन्हात घातल्या, फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसली. डॉक्टरांनी पंप बदलून दिला. तुमचे बाबा फोनवर विचारत, “आई, आता गाव पण सोडलं, मग का?” मी फोन ठेवून पुन्हा फडकं ओलं करायची. दिवाळीत तर हमखास वाढायचं. आम्ही फटाक्यांच्या धुराला बोल लावायचो. खिडक्या बंद करून बसायचो. गाव सोडून काय मिळवलं, हे दोघांच्याही मनात यायचं.

ईशा, आता तुझी गोष्ट. तुला आठवणार नाही, तू चार वर्षांची होतीस. तुम्ही सगळे दिवाळीला आला होतात, नील तुझ्या आईच्या पोटात होता. वसुबारस होती, गायवासराच्या पूजेचा दिवस. आमच्याकडे गाय कुठली? म्हणून मी दर वर्षी दावं खिळ्यावरून काढायची, झटकायची, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायची आणि परत टांगायची. त्या वर्षी झटकून पाटावर ठेवलं आणि निरांजन लावायला वळले, तेवढ्यात तू ते उचलून गळ्यात घातलंस.

“आजोबा, मी तांबू!”

आजोबांनी दुसरं टोक धरलं. तू हंबरलीस, ते हसले. इतकं हसताना मी त्यांना टोकावडे सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. “चल गो माझी बाय, चल पाण्यावर,” म्हणत ते तुला खोलीभर फिरवत होते.

मग तुला शिंक आली. एक, दोन, मग थांबेचनात. डोळे लाल होऊन सुजले. तुझ्या आईने घाबरून तुला उचललं, आणि इकडे आजोबा भिंतीला टेकून पंप शोधत होते.

मी निरांजन हातात घेऊन उभी. दोन मुलांच्या पेपरात नेमकी तीच चूक सापडली की शिक्षक एकच गोष्ट बघतो: दोघं कुठल्या बाकावर बसले होते. मी दावं उचललं, खिडकीशी नेलं, चष्मा पुसला. पिळांच्या आत, खोलवर, तांबूस केस अडकले होते. पेंढ्याची भुकटी होती. बोटाने दाबलं तर पीठ पडावं तशी धूळ पडली. चार वर्षं ते त्यांच्या उशाशी होतं, आणि दर दिवाळीला मी ते माझ्या हाताने झटकत होते.

माझ्या घरात एक वस्तू अशी नव्हती जी मी धुतली नव्हती. दावं तेवढं राहिलं, कारण माझ्या लेखी ते देवाकडच्या वस्तूंत होतं, धुळीच्या वस्तूंत नव्हतं. ही चूक अडाणीपणाची म्हणता येत नाही. मी बी. ए. आहे.

संध्याकाळी तू आतल्या खोलीत झोपलीस तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

“उकळून ठेवते. नाहीतर पत्र्याच्या डब्यात बंद करते,” मी म्हटलं.

“उकळलेलं दावं कसलं गो? आणि डब्यात काय लोणचं हाय? ऱ्हाऊ दे जागेवर. माझी धाप जुनीच हाय. दाव्यानं आली नाय, दाव्यानं जायची नाय.”

“पण वाढते त्यानं.”

“वाढू दे.”

मी चिडले. खरं तर थकले होते. चार वर्षांच्या चादरी डोळ्यांपुढे आल्या. तेवढ्यात आतून तू खोकलीस. आजोबा ऐकत राहिले. तू परत खोकलीस. मग ते उठले, दावं घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी गॅलरीत नेऊन ठेवली.

“उद्या वैशाखऱ्याला जाऊ,” म्हणाले. “पोरीला शिंका आल्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडला गाडी बदलून माळशेजच्या एसटीत बसलो. वाटेत टोकावडे लागलं. आमच्या घराचं कुलूप बसमधून दिसतं. मी पाहिलं. आजोबा मांडीवरच्या पिशवीकडे बघत होते.

काळूरामने पिशवीत काय आहे ते पाहिलं आणि हात मागे घेतला. “नाय दादा. दावं नाय घेत मी. तुमचा गोठा उठंल.”

“उठलाय रे. चार वर्षं झाली. मीच धरून उभा ठेवला व्हता.”

काळूराम माझ्याकडे बघायला लागला. “बाई, तुमी तरी सांगा ह्यांना.”

मी म्हटलं, “घे काळूराम.” माझ्या आवाजावर माझा विश्वास बसला नाही. सासूबाईंचं घर मी दोन शब्दांत देऊन टाकलं.

तांबू अंगणाच्या टोकाला बांधलेली होती, म्हातारी झाली होती. आजोबा दहा हात लांब उभे राहिले, पंचा नाकाला लावून. पंचा क्षणभर खाली करून त्यांनी तिला हाक मारली. तिने मान वळवली. त्यांनी हात वर केला, जसा आपण गाडीतल्या माणसाला करतो, आणि आम्ही निघालो. येताना बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. “वळली बघ.”

त्या हिवाळ्यात ते आडवे होऊन झोपायला लागले. दमा गेला नाही, पण उशीला टेकून रात्र बसून काढणं गेलं. स्टेशनच्या रस्त्यापर्यंत चालून यायचे, भाजीवाल्याशी घासाघीस करायचे, वरच्या बाईंना सशाची खबर विचारायचे. पहाटे साडेपाचला टाकीशी बसून तांबूला पावसाचं, भाताचं, माझ्या स्वभावाचं सगळं सांगायचे. मी आतून ऐकायची. खिळा तसाच राहिला. त्यावर काही टांगायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेही झोपेत, आडवे होऊन.

आता तुमच्या पत्राचं उत्तर. तुम्ही विचारलंय, ईशाला शिंका येतात तर घरात कुठलं शांत जनावर आणावं. इंटरनेटवर मिळालेली यादीही पाठवलीत, ‘केस न गळणारे कुत्रे’ वगैरे. त्या यादीवर जाऊ नका. बाळांनो, ही अॅलर्जी आजोबांकडून आली आहे, ती यादी वाचत नाही. आधी डॉक्टरांना विचारा. मग जे जनावर आवडेल त्याच्या घरी जाऊन बसा, एकदा नाही, चारदा, आणि ईशाच्या डोळ्यांकडे बघा. परत करायची वेळ आली तर सशासारखं दोन दिवसांत करा, जीव लागण्याआधी. ते गप्प बसत असेल तर शांत आहे की घाबरलंय ते नीट बघा. आणि काहीच जमलं नाही तर मासा आणा. त्याला वळायला चार महिने लागतात, पण वळतो.

माझ्याकडे सध्या तिसरी तांबू आहे. टाकी साफ करताना हात दुखतात, पाणी बदलायला बादल्या अर्ध्याच भरते. पहाटे साडेपाचला उठवत नाही तरी उठते, टिचकी मारते, ती वर येते. मी तिच्याशी फारसं बोलत नाही. माझा तो स्वभाव नाही. दाणे मोजून टाकते.

मागच्या महिन्यात काळूरामचा फोन आला होता. गाय कधीच गेली, पण म्हणाला, “बाई, तुमचं दावं हाय हां अजून. तांबूच्या नातीच्या गळ्यात हाय.” त्याने ते धुतलं नाही, उकळलं नाही. वापरात आहे.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मी आसनगावचा पत्ता सांगते, पत्रं तिथेच येतात. टोकावड्याच्या कुलपाची किल्ली माझ्या कपाटात डाव्या हाताला, दुसऱ्या कप्प्यात आहे. पण खरं विचाराल तर आमचं घर वैशाखऱ्याला दुसऱ्याच्या गोठ्यात आहे, एका गायीच्या गळ्यात, आणि ते आम्ही आपल्या हाताने दिलं.

याल तेव्हा घेऊन जाईन. ईशा, औषध घेऊन ये, आणि दहा हात लांबच उभी राहा. तरी एखादी शिंक आली तर येऊ दे.

तुमची आजी