धवल्याच्या चार ओळी

आई आमच्या कळव्याच्या गावातली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. हळदीपासून एकेक विधी पुढे नेते ती धवलारीण, धवला गाऊन. हा धवला कुठे लिहिलेला नसतो. एक बाई ओळ म्हणते, तिच्या पाठी बसलेली ती झेलते, आणि अशी बरीच लग्नं झेलली की पाठची बाई पुढे बसायच्या लायकीची होते. आईच्या पाठी बसणारी काकू दोन वर्षांपूर्वी गेली. त्या जागेवर मी बसायला हवं होतं. पण मी शिकलेली, डोंबिवलीच्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवणारी.

आमचं काम असं. मजकूर डीएनएच्या चार अक्षरांत बसवायचा, तसा डीएनएचा तुकडा बनवून घ्यायचा आणि जिवंत जंतूच्या पेशीत घालायचा. जंतू वाढतो, एकाचे दोन होतात, आणि दर वेळी मजकुराचीही नक्कल होते. त्या तुकड्यावरच एका औषधाला पुरून उरायचा गुण दिलेला असतो. जंतूंच्या खाद्यात ते औषध घातलं की तुकडा सांभाळणारेच जगतात. साहेबांनी विचारलं, मजकूर कुठला घ्यायचा? मी लगेच सांगितलं, आईचा धवला. त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलेलं.

आई घरी मेथी निवडत होती.

"मांडव नाय, हलद नाय, न मी आशीच गाव?"

मांडवाशिवाय धवला गाणं अशुभ, असं ती मानायची. फारच मागे लागले तेव्हा चाल न लावता पहिल्या चार ओळी तिने नुसत्या सांगितल्या. म्हणाली, "बाकीचा पायजे त मांडवान ये. माजे पाठी बस न झेल."

"अगं, जंतूत ठेवते ना. आपण सगळे मेलो तरी राहील."

"मंग त्यालाच सांग, बस माजे पाठी."

मी हसले. चार ओळी जमल्या की पुढचं बघू, असं ठरवून टाकलं.

चार ओळी जमल्या. मग मला दुर्बुद्धी सुचली. औषधाचा धाक काढून घेतला तर जंतू धवला आपणहून सांभाळतील का, ते बघायचं. रोज सकाळी जुन्या नळीतला थेंब नव्या खाद्यात टाकायचा, औषधाशिवाय. एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून. त्यातच मामेबहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "तू जा गं, मी टाकते थेंब." माझा तिच्यावर भरवसा नव्हता. मी आईला फोन केला, पुढच्या लग्नाला नक्की बसते तुझ्या पाठी. ती "बरा" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचं लग्न आलंच नाही. दोन आठवड्यांत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी दवाखान्यात असतानाच प्रयोगाचा निकाल आला. शेवटच्या नळीतल्या जवळजवळ सगळ्या जंतूंनी धवला टाकून दिला होता. तुकडा सांभाळायला पेशीची ताकद खर्च होते. धाक नसला की टाकून देणारे भराभर वाढतात आणि सांभाळणारे मागे पडतात. साहेब म्हणाले, नोंद चांगली आहे, लिहून काढ. मी लिहून काढली. जंतूंचा राग तरी कुठल्या तोंडाने करू? त्यांनी केलं ते मी आधीच केलं होतं.

त्या चार ओळींना काही झालेलं नाही. संगणकात आहेत, फ्रीझरमधल्या जुन्या नळ्यांत आहेत. गेला तो बाकीचा धवला, चालीसकट. बैल गेला नि झोपा केला, तशी मी मग मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी धावाधाव केली. फोटोवाल्याने हळदीच्या भागावर सिनेमातलं गाणं लावून दिलंय. मूळ आवाज मागायला गेले तर म्हणाला, "ताई, तो कोण ठेवतं? उडवला." व्हिडिओत आई चटईवर बसलीय, डोळे मिटून, आणि तिचे ओठ हलतायत. तिच्या पाठची जागा रिकामी आहे. ते ओठ बघून शब्द ओळखायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. एकही ओळ लागली नाही.

आता सुट्टीच्या दिवशी मी आईच्या खाटेजवळ बसते आणि त्या चार ओळी म्हणते. मांडव नसला तरी ती रागावत नाही. डाव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरतात. तेवढ्यापुरती मी तिच्यापुढे धवलारीण होते आणि मलाच माझी लाज वाटते.

चौथी ओळ संपते. आईची बोटं थांबत नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, पाचवीची वाट बघत.