ठरावाचे तेल

इतिहास तत्त्वांवर चालतो, असे आपल्याला शाळेत शिकवतात. आमच्या लालबागेतला इतिहास काही वर्षे एका मोटारसायकलवर चालला, आणि तिला तेल लागत असे.

ती ज्यांची होती ते गृहस्थ रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी तिच्या तेलाच्या टाकीचे झाकण उघडत, तर्जनी आत बुडवत, तेल अंगठ्यावर चोळत आणि डोळे मिटून घेत. आपण वाटेत असलो तर उभे राहावे लागे. नाडीपरीक्षा संपली की बोट फडक्याला पुसून ते म्हणत, “आधी तेल, मग तत्त्व.” ज्याने तत्त्वाविषयी काहीही विचारलेले नव्हते, त्यालाही हेच सांगत.

चाळ त्यांना कॅप्टन म्हणे. ते सैन्यात कधीच नव्हते. विमा कंपनीत हेडक्लार्क होते. सैन्यात होती ती मोटारसायकल. महायुद्ध संपल्यावर ती लिलावात निघाली आणि यांनी घेतली. म्हणजे दोघांपैकी युद्ध एकीने पाहिले होते आणि खाकी पँट दुसरा घालत होता. डोळ्यांवर मोठा गॉगल, तो सोसायटीच्या रेशनच्या रांगेतही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. संध्याकाळी सभा तीन आणि वक्ता एकच, असे वारंवार होई. त्याला गिरगावातून उचलून लालबागेत आणि तिथून दादरला पोचवण्याचे काम कॅप्टनकडे होते. या कामासाठी ते ऑफिसातले कोणतेही पद सोडायला तयार झाले असते, आणि त्याचे कारण आम्हा सर्वांना माहीत होते. त्यांना भाषण येत नसे. एकदा कोपरासभेत त्यांना आभार मानायला उभे केले. त्यांनी गॉगल काढला, लोकांकडे पाहिले, गॉगल परत लावला आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे ते अधिकच खचले. ज्या काळात आमच्या चाळीतला प्रत्येक पुरुष बोलत होता, त्या काळात हा एक माणूस फक्त दुसऱ्याला बोलायला नेऊ शकत होता.

आणि तेवढ्यात मोटारसायकल भायखळ्याला बंद पडली. मिरवणुकीतून गोगलगाईसारखी चालताना इंजिन तापले, धूर सोडला आणि थांबले. वक्ते ट्रामने आले. त्यांची ही साधी राहणी पाहून सभेने त्यांचा जयजयकार केला, ही गोष्ट वेगळी. पण आमच्या समितीचे अध्यक्ष प्रसन्न नव्हते. ते प्रभादेवीचे एक वकील, आणि त्यांच्याकडे मोटार होती. पुन्हा असे झाले तर वक्त्यांची ने-आण मोटारीकडे जाईल, असे त्यांनी कॅप्टनना सर्वांसमक्ष सांगितले. मी समितीचा चिटणीस होतो, कारण माझे अक्षर बरे होते. कॅप्टनचा चेहरा मी पाहिला.  त्यांनी गॉगल दोनदा पुसला.

चूक त्यांचीच होती. तेलाला नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितके तेल दाट. कॅप्टनचा हट्ट तीस नंबरचा होता; पातळ तेल म्हणजे चपळ इंजिन, असा त्यांचा सिद्धांत. भायखळ्यानंतर त्यांनी तो सोडला. स्वतःचा सिद्धांत इतक्या लवकर सोडणारा दुसरा माणूस मला चळवळीत भेटला नाही.

मे महिना होता. गच्चीवर चाळीचे पापड आणि कुरडया वाळत होत्या. त्यांच्या मधोमध कॅप्टननी तीन थाळ्या मांडल्या: तीस, चाळीस आणि पन्नास. दुपारभर ते डोक्यावर पंचा घेऊन कावळे हाकत बसले आणि अधूनमधून एकेक थाळी कलती करून पाहत राहिले. तीस नंबर पाण्यासारखे धावले. चाळीस जरा विचार करून धावले. पन्नास मात्र भर उन्हातही थाळीला धरून राहिले.

कॅप्टनच्या पत्नी, आमच्या वहिनी, पापड उलटायला आल्या. त्यांनी आपल्या थाळ्या ओळखल्या.

“घरातलं गोडं तेल परवाच संपलंय,” त्या म्हणाल्या. “त्यातही एकदा बोट बुडवून बघा.”

“उन्हात टिकतं ते आपलं,” कॅप्टन म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळले नाही.

आता खरे तर गोष्ट इथे संपायची. पण मोटारसायकल चळवळीची होती, आणि चळवळीत निर्णय एकट्याने घेत नाहीत. समितीची बैठक बोलावण्यात आली. विषय: तेल. आमच्या समितीत निरनिराळ्या पक्षांची माणसे होती. महाराष्ट्र मुंबईसह हवा, यापलीकडे त्यांचे कशावरही एकमत नव्हते. प्रत्येक जण आपले तेल घेऊन आला. गिरणीतल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, सूतखात्यातले पातळ तेल आणले. “आमच्या खात्यात सगळी चाती ह्याच तेलार फिरतत. एक कधी थांबली नाय.” म्युनिसिपल शाळेतले गुरुजी एरंडेल घेऊन आले, ते स्वदेशी होते आणि त्याने आजवर कोणाचे नुकसान झालेले नव्हते. वकीलसाहेबांनी आपल्या मोटारीचे तेल पाठवले. ते कोणते, हे त्यांना माहीत नव्हते. ते महाग होते.

दोन तास चर्चा झाली. शेवटी वकीलसाहेबांनी तोडगा काढला: सर्व घटकांचे तेल सारख्या प्रमाणात. “डब्यात एका घटकावर अन्याय केला, तर उद्या सीमाभागाला काय तोंड दाखवणार?”

तेव्हा कॅप्टन उभे राहिले. आम्ही खाली पाहू लागलो. तो आभाराचा प्रसंग सर्वांना आठवत होता. त्यांनी गॉगल काढला.

“पक्ष एकत्र येतात, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “तेलं येत नाहीत.”

आणि बसले. हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे भाषण. ठराव त्यांच्याविरुद्ध मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो. चिटणिसाला ते शोभते.

सभेच्या दिवशी सकाळी ठरावाचे तेल रॉकेलच्या डब्यात भरून चाळीत आले. कॅप्टननी ते दोन्ही हातांनी घेतले. मग टाकीत पन्नास नंबर भरले आणि डबा घेऊन फाटकाकडे गेले. चाळीचे लोखंडी फाटक फार करकरत असे. त्यांनी ते सताड उघडले आणि ठरावाचे तेल त्याच्या बिजागऱ्यांवर आणि कडीवर शेवटच्या थेंबापर्यंत ओतले.

“ठराव आहे,” ते मला म्हणाले. “कुठेतरी पाळायला हवा.”

संध्याकाळी गिरगावची सभा आटोपून ते वक्त्यांना मागे बसवून निघाले. त्यांच्यामागे वकीलसाहेबांची मोटार. मोटारसायकल बंद पडलीच तर वक्त्यांना उचलायला. मोटारीत वकीलसाहेब, गुरुजी आणि मी. रस्ता माणसांनी भरलेला. भायखळ्याला मागच्या वेळची ती जागा आली, तेव्हा वकीलसाहेबांनी काच खाली करून कान दिला. मोटारसायकल दमदार ठोके देत पुढे गेली. वकीलसाहेबांनी काच वर केली. गर्दीत पाऊल पाऊल सरकत आम्ही चिंचपोकळीच्या पुलाला लागलो, आणि चढावर मोटारीच्या नाकातून वाफ आली. पाणी उकळले होते. मोटार थांबली. पुलाखाली वक्ते आणि कॅप्टन गर्दीत दिसेनासे झाले.

पण अध्यक्ष पुलावर असताना लालबागेतल्या मैदानात सभा सुरू होऊ शकत नव्हती. अध्यक्षपदाची सूचना हवी, तिला अनुमोदन हवे, आणि मुख्य म्हणजे खुर्चीत बसायला अध्यक्ष हवा. आम्ही वाफेकडे पाहत उभे होतो, तोच समोरून तो ठोका पुन्हा ऐकू आला. वक्त्यांना उतरवून कॅप्टन परत आले होते. त्यांनी मोटारीकडे पाहिलेसुद्धा नाही. मागची सीट फडक्याने पुसली आणि म्हणाले, “बसा.”

वकीलसाहेब बसले. काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हातांनी कॅप्टनच्या पोटाला घातलेली मिठी. कायद्यात इतके घट्ट त्यांनी काही धरले नसेल.

गुरुजी आणि मी चालत मैदानात पोचलो, तेव्हा वकीलसाहेब बोलायला उभे होते. समितीने दूरदृष्टीने जो तेलाचा ठराव केला, त्याचे फळ आज सर्वांनी पाहिले, असे ते म्हणाले. प्रचंड टाळ्या पडल्या. गुरुजींनी मला सांगितले की वाटेत आपल्याला एरंडेलाचा वास येत होता. मी कॅप्टनकडे पाहिले. ते मंचाच्या बाजूला मोटारसायकलजवळ उभे होते आणि मान हलवून ठरावाला संमती देत होते.

मग गर्दीतून आवाज उठला. आधी आमच्या चाळीचा, मग सगळ्या मैदानाचा. “कॅप्टन, दोन शब्द!”

 माइक खाली त्यांच्यापर्यंत देण्यात आला. कॅप्टननी गॉगल काढला, लोकांकडे पाहिले. गॉगल परत लावला. आणि माइक इंजिनासमोर धरून त्यांनी किक मारली.

पहिल्याच किकेला इंजिन लागले. कर्ण्यांतून तो ठोका साऱ्या मैदानावर गेला: सावकाश, जाडा, न अडखळणारा. मैदान उभे राहिले. त्या संध्याकाळी दोन मोठी भाषणे झाली. त्यांत कोण काय बोलले, हे आज चाळीत कोणालाही सांगता येत नाही. इंजिनाचा ठोका मात्र म्हातारी माणसे अजून तोंडाने काढून दाखवतात. वहिनी स्त्रियांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, डोळ्यांत धूर गेला.

महाराष्ट्र झाला, मुंबईसह. कॅप्टनना कोणी पद दिले नाही आणि त्यांनी मागितले नाही. वक्त्यांची ने-आण मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पुढे मोटारसायकल थकली, मग तेही. मोटारसायकल विकल्यावरदेखील त्यांचे बोट सवयीने अंगठ्यावर चोळले जाई.

ते गेले तेव्हा चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. वकीलसाहेब काठी टेकत आले. कॅप्टनच्या अंतःकरणाचे मोठेपण त्यांनी सांगितले. ते म्हणाले की या माणसाच्या चाळीचे फाटक आयुष्यभर सर्वांसाठी, रात्रंदिवस उघडे राहिले.

ते खरे आहे. एरंडेल, गिरणीचे तेल आणि मोटारीचे तेल एकत्र वाळले की बिजागरी हलत नाही.