पुसलेले ठिपके

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोयाबीन निंदत होते. प्राजक्ता, म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी, फार हळू बोलत होती आणि शेतात वारा होता, म्हणून मी दोनदा विचारलं. मग "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं ऐकून कोणी बरं म्हणतं का? फोन ठेवला आणि हातातली पात, म्हणजे निंदायची ओळ, पुरी केली. सोबतच्या बायांना काही बोलले नाही. त्यांनी विचारलं असतं, तुझ्या कोण लागत होत्या?

विजया मॅडम वर्ध्याच्या कॉलेजात वनस्पतींचा विषय शिकवायच्या. तिथून निवृत्त झाल्यावर त्या दर पावसाळ्यात आमच्या गावी येऊन राहू लागल्या. गाव रोहण्याच्या पुढं, जंगलाला लागून. माझी समोरची खोली रिकामी होती, ती त्यांना दिली. मालक वारले, मुलगी हिंगणघाटला दिली, घरात मी एकटीच. मॅडम नाल्याच्या काठच्या नेच्यांचा अभ्यास करत. नेच्याला फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. आम्ही गावातल्यांनी त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. ढोरं खात नाहीत, औषधाला लागत नाही, मग नाव कशाला? मी त्यांच्यासोबत वाट दाखवायला जायची. दोघीही न बोलता चालायचो. मला माणसांत बोलायची लाज वाटते, लहानपणापासून. मॅडमनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. त्यांच्यासोबत गप्प राहिलं तरी कोणी आपल्याला सामावून घेतंय असं वाटायचं.

वाळवलेल्या पानांसोबत ठेवायच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. चौथीनंतर मी पेन धरला नव्हता. "मॅडम, माह्यं अक्षर कोंबडीच्या पायावानी हाये," म्हणाले. त्या म्हणाल्या, "कोंबडी कुठून कुठे गेली ते समजलं म्हणजे झालं." आज हे लिहिते आहे ते त्या चिठ्ठ्यांमुळेच.

आता जे सांगायचं ते सांगते. चौथ्या पावसाळ्यात मॅडमना ताप भरला. नाल्यावर पाच जागा ठरलेल्या होत्या, तिथल्या नेच्यांची पानं ठराविक आठवड्यात आणावी लागत. त्या अंथरुणातून म्हणाल्या, "कांता, तू एकटी जाऊन येशील?" मला इतका आनंद झाला की मी चहाही घेतला नाही. पानं घेऊन परत येताना शेजारच्या शांताकाकूनं हटकलंच, "काऊन वो कांताबाई, ढोराले चारा आणला का?" मी म्हटलं, मॅडमसाठी हाये. "मंग मॅडम खाते का हे?" आणि ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. एरवी मी मान खाली घालून गेले असते. त्या दिवशी मीही हसले.

घरी येऊन पानं उलटी केली तर मागच्या अंगाला तपकिरी ठिपके, दाटीदाटीनं. आमचा सारा जन्म कपाशीच्या पऱ्हाटीत गेला. पानामागं असं काही दिसलं की ती अळीची अंडी, ती बोटानं चिरडायची, हेच आम्हाला ठाऊक. मॅडमच्या कागदांत अळी पडली तर चार वर्षांचं सारं जाईल, या भीतीनं मी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसलं. राहिलेलं नखानं खरवडलं. मग पानं वर्तमानपत्रात ठेवून दोन फळ्यांमध्ये आवळून बांधली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा भाऊ येऊन त्यांना नागपूरला दवाखान्यात घेऊन गेला. त्या परत आल्या तेव्हा नाल्यावरचे नेचे सुकून गेले होते.

त्यांनी फळ्या सोडल्या, भिंग लावून बघितलं, आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "कांता, हे बघ! गळून गेले! यंदा एवढी घाई केली यांनी!" मग मला समजावून सांगितलं. ते ठिपके म्हणजे नेच्याचं बियाणं. त्यातून धूळ उडते आणि त्या धुळीतून नवा नेचा होतो. ते केव्हा पिकतात, पाऊस मागं-पुढं झाला की तेही मागं-पुढं होतात का, हेच तर त्या इतकी वर्षं पाहत होत्या. तापानं चेहरा उतरलेला आणि डोळे असे चमकत होते... उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. पुढं त्यांनी ही गोष्ट मोठ्या सभेत सांगितली, परत येऊन मला पेढा दिला. म्हणाल्या, "पानं तू आणलीस म्हणून कळलं." तो पेढा मी तसाच डब्यात ठेवला.

यंदा उन्हाळ्यात त्यांना भेटायला वर्ध्याला दवाखान्यात गेले होते. दम लागत होता, तरी म्हणाल्या, "तेवढी घाई नेच्यांनी पुन्हा कधी केली नाही, कांता. एकदाच का केली असेल?" मी म्हटलं, "मॅडम..." तेवढ्यात नर्स आली. नर्स पाच मिनिटांत गेली. मी त्यानंतर तासभर बसले होते. नर्सचं निमित्त मी करू नये.

गेल्या आठवड्यात प्राजक्ता कागद न्यायला आली. खोलीतले गठ्ठे खोक्यांत भरत होती. दोनदा मी दारापर्यंत जाऊन मागं फिरले. तिसऱ्यांदा आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"मावशी, मॅडमनी हे सगळ्यांना सांगितलंय."

"मालूम हाये. म्हणूनच सांगून राह्यली."

"आणि आता लिहायचं काय मी?"

"पुसले म्हणून लिहा. माह्यं नाव टाका. त्याईच्या नावावर खोटं नोको ऱ्हायले."

तिनं तो गठ्ठा शोधला. माझ्या कोंबडीच्या पायांखाली तिनं लिहिलं: ठिपके हाताने पुसलेले, यावरून वेळ ठरवू नये. खाली माझं पूर्ण नाव. जाताना तिनं माझा हात धरला. रागावली नाही. रागवायचा हक्क ज्यांचा होता त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

मग ती गेली आणि खोली मोकळी झाली. दुपारी पत्रे तापले, मी तिथल्या खाटेवर जाऊन बसले. घामानं लुगडं अंगाला चिकटलं. पंख्याचं बटण हाताशीच आहे. एवढे पावसाळे त्या खोलीत पंखा लागला नाही, खाली कागद पसरलेले असत, उडाले तर चिठ्ठी एकीकडे अन् पान दुसरीकडे. आता तिथं उडायला काही नाही. हात बटणापर्यंत जातो... आणि मी पदरानंच वारा घेते.